ई-मेलचे ॲप निवडताना



गेल्या महिन्यात शाळेतली पालकसभा आटोपल्यावर एक आई माझ्यापाशी थांबली. मुलगी दहावी झाली होती, पुढचा फॉर्म भरायचा होता. पर्समधून मोबाईल काढून ती म्हणाली, "मॅडम, फॉर्मवाले ई-मेल मागतात. फोनात दोन-तीन मेलची ॲप दिसतात. त्यातलं चांगलं कुठलं?" मी तिला तिथल्या तिथे एक उत्तर दिले. पण घरी येताना मनात आले की हा प्रश्न एकटीचा नाही. आपल्या बहुतेक घरांत आता दोन-चार फोन असतात, एखादा लॅपटॉप असतो, कुवेत-दुबईहून कुणी पाठवलेला आयफोन असतो. मेल मात्र ज्याने फोन विकला त्या दुकानातल्या मुलाने जसा सुरू करून दिला तसाच वर्षानुवर्षे चालतो. त्याने काय सुरू केले, हे आपण विचारत नाही. आमच्या घरीही कुणी विचारले नव्हते. त्याची काय किंमत द्यावी लागली ते आधी सांगते.

माझी थोरली बहीण चिपळूणला राहते. तिला आम्ही आपा म्हणतो. दुल्हेभाई वीस-एक वर्षे कुवेतमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. २००७ साली आपाच्या घरी कॉम्प्युटर आला. इंटरनेटची जोडणी देणाऱ्याने सोबत ई-मेलचा एक पत्ता दिला आणि दुकानातल्या मुलाने कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये तो जोडून दिला. आपा दर गुरुवारी रात्री बसून इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेतले पत्र लिहायची. शुक्रवारी दुल्हेभाईंना सुट्टी, म्हणजे सकाळी त्यांचे उत्तर यायचे. मुलांच्या गुणपत्रिका, ईदचे फोटो, घराच्या बांधकामाचा हिशेब, आजारपण, रुसवेफुगवे, सगळे त्या मेलमध्ये होते. २०१९ साली दुल्हेभाई कायमचे परत आले. नोकरी सुटताच त्यांचा कंपनीचा मेल बंद झाला. पण आपाच्या कॉम्प्युटरवर सगळे आहेच, म्हणून कुणाला काही वाटले नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला. आपाचे घर नदीकडच्या मोहल्ल्यात आहे. माणसे वरच्या मजल्यावर गेली आणि वाचली, अल्हमदुलिल्लाह. खालच्या खोलीतले कपाट, त्यातली कागदपत्रे आणि टेबलावरचा कॉम्प्युटर चिखलात गेला.

पुढच्या वर्षी दुल्हेभाईंना ओमानमध्ये काम मिळण्याची संधी आली. अनुभवाचा दाखला हवा होता. कागदी दाखला पुरात गेलेला. कुवेतच्या कंपनीचे नाव आणि मालक दोन्ही बदललेले. पण दुल्हेभाई निश्चिंत होते. म्हणाले, "मेलमध्ये असेल ना! मेल थोडाच पाण्यात बुडतो?" त्यांच्या मुलाने, माझ्या भाच्याने, आपाचा तो जुना पत्ता मोबाईलवर उघडला. पासवर्ड बरोबर लागला. पेटीही उघडली. आत पुरानंतर आलेल्या जाहिराती होत्या. त्याआधीचे एकही पत्र नव्हते.

मेल खरोखरच पाण्यात बुडाला होता. असे का झाले ते समजून घेतले की ॲप कसे निवडायचे याचे निम्मे उत्तर मिळते.

पत्ता वेगळा, ॲप वेगळे

बऱ्याच जणांना वाटते की जीमेल म्हणजे ते लाल-निळे-पिवळे-हिरवे चिन्ह. खरे तर यात दोन गोष्टी आहेत. एक तुमचे खाते, म्हणजे तुमचा पत्ता आणि त्या पत्त्यावर आलेली पत्रे. ती ठेवली जातात दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, त्याला सर्व्हर म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे ॲप. तुमच्या हातातल्या यंत्रावरून ती पत्रे पाहण्याची ती नुसती खिडकी. खाते जीमेलचे असले तरी खिडकी दुसऱ्या कुणाची असू शकते, आणि एका खिडकीतून दोन-तीन खातीही पाहता येतात.

आता ही खिडकी सर्व्हरशी दोन पद्धतींनी बोलते. जुन्या पद्धतीचे नाव पॉप. यात ॲप सर्व्हरवर जाते, आलेली पत्रे उचलते आणि आपल्या यंत्रात आणून ठेवते. पुष्कळ जुन्या प्रोग्राममध्ये पत्र आणल्यावर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकायची, अशीच मांडणी असे. त्या काळी सर्व्हरवर जागाच फार थोडी मिळायची, म्हणून ते सोयीचे होते. नव्या पद्धतीचे नाव आयमॅप. यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि फोन, टॅब, लॅपटॉप सगळे त्याच एका पेटीत डोकावतात. एका ठिकाणी वाचलेले पत्र सगळीकडे वाचलेले दिसते.

आपाचा मेल पॉपवर होता. प्रत्येक पत्र कॉम्प्युटरवर उतरत होते आणि सर्व्हरवरून पुसले जात होते. चौदा वर्षांची पत्रे एकाच हार्डडिस्कमध्ये होती. पुरानंतर कॉम्प्युटर बंदच झाला, म्हणून पुढच्या जाहिराती तेवढ्या सर्व्हरवर साचल्या.

म्हणून पहिला नियम असा: मेल कोणत्याही ॲपमध्ये जोडताना पॉप की आयमॅप असे विचारले, तर आयमॅप निवडा. जीमेल, याहू, आउटलुक यांचे खाते नव्या ॲपमध्ये जोडताना बहुधा हा प्रश्न येत नाही, ॲप स्वतःच योग्य पद्धत घेते. कंपनीचा किंवा इंटरनेट जोडणीबरोबर आलेला पत्ता जोडताना मात्र तो येतो. घरात असा जुना पत्ता असेल तर आजच सेटिंग उघडून पाहा.

आयमॅपची एक बाजू लक्षात ठेवा. पेटी एकच असल्याने टॅबवर खेळताना लहान मुलाने पत्र पुसले, तर ते सगळीकडून पुसले जाते. जीमेलमध्ये पुसलेले पत्र ३० दिवस कचरापेटीत राहते. तेवढ्या मुदतीत ते परत आणता येते.

तुमच्या घरात कोणती यंत्रे आहेत?

ॲप चांगले की वाईट, हे यंत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून घरातली यंत्रे मोजू या.

घरात फक्त अँड्रॉइड फोन असतील, तर वेगळे काही शोधायची गरज नाही. जीमेलचे ॲप त्यात आधीपासून असते आणि ते पुरेसे आहे. त्यात याहूचे, आउटलुकचे किंवा दुसऱ्या कंपनीचे खातेही जोडता येते. काही फोनांत फोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे मेल ॲपही असते. दोन्हींत एकच खाते जोडले की प्रत्येक पत्राची घंटी दोनदा वाजते, आणि वैतागून माणूस दोन्ही घंट्या बंद करतो. कामाचे पत्र मग तसेच पडून राहते. म्हणून एका फोनवर मेलचे एकच ॲप चालू ठेवा. त्या पालक भगिनीलाही मी हेच सांगितले.

आयफोन असेल तर त्यात ॲपलचे मेल ॲप असते. ते साधे आहे, नीटनेटके आहे, आणि जाहिरातवाल्यांना तुम्ही पत्र कधी उघडले हे कळू नये याची सोय त्यात २०२१ पासून आहे. पण एक अडचण आहे. त्यात जीमेलचे खाते जोडले तर पत्र आले त्या क्षणी कळत नाही. फोन ठरावीक वेळाने जाऊन पत्रे आणतो, कधी पंधरा मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा. एरवी याने काही बिघडत नाही. पण मेलवर ओटीपी येणार असेल आणि तो दहा मिनिटांतच चालणार असेल, तर माणूस फोनकडे बघत बसतो. जीमेलचे खाते आणि हातात आयफोन असेल, तर जीमेलचेच ॲप घाला. २०२० पासून आयफोनवर हवे ते मेल ॲप मुख्य म्हणून ठरवता येते.

आपल्या थोरांपैकी अनेकांचे पत्ते हॉटमेलचे असतात. आखातात गेलेल्या पिढीने पहिला पत्ता तिथेच काढला. हॉटमेल १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. ते पत्ते आजही चालतात, पण त्यांची खिडकी आता आउटलुक आहे. अब्बांचा हॉटमेलचा पत्ता असेल तर त्यांच्या फोनवर आउटलुकचे ॲप घाला. पत्रांबरोबर तारखांची वहीही त्यात मिळते. याच ॲपमध्ये जीमेल वा याहूचे खाते जोडता येते, मात्र तसे केल्यास तुमच्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते. हे चालणार की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे.

घरात लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर असेल तर? बहुतेकांना ॲपची गरजच नाही. ब्राउझरमध्ये जीमेल किंवा आउटलुक उघडले की काम होते. विंडोजमध्ये पूर्वी 'मेल' नावाचा छोटा प्रोग्राम असायचा. तो मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक दिले. तो अचानक चालेनासा झाला म्हणून घाबरू नका. आयमॅपने जोडलेली पत्रे सर्व्हरवर आहेत, ब्राउझरमधून दिसतील.

ज्यांच्याकडे दोन-तीन खाती आहेत, शाळेचे, संस्थेचे, घरचे, आणि ज्यांना पत्रांची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवरही हवी आहे, त्यांनी थंडरबर्ड पाहावे. मोझिला परिवारातला हा प्रोग्राम मोफत आहे आणि २००४ पासून चालत आला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो अँड्रॉइड फोनवरही मिळतो. मी स्वतः शाळेच्या लॅपटॉपवर हाच वापरते. मूळ पत्रे सर्व्हरवर आणि त्यांची प्रत लॅपटॉपवर. एक गेले तरी दुसरे हाताशी.

फोन अगदी जुना असेल, तर एक गोष्ट माहीत हवी. नुसत्या पासवर्डवर जीमेल उघडणारी जुनी ॲप गूगलने २०२२ मध्ये अडवली. तेव्हा अनेकांना वाटले की आपण पासवर्ड विसरलो. खरे तर ॲप जुने झाले होते. अशा फोनवर ब्राउझरमधून मेल पाहा किंवा ॲप अद्ययावत करा.

निवडल्यानंतरची पाच कामे

ॲप घातले म्हणजे संपले नाही. ही पाच कामे केली नाहीत तर उत्तम ॲपही उपयोगाचे नाही.

पहिले, घंटी. जीमेलच्या सेटिंगमध्ये खाते निवडून सूचना सुरू आहेत का ते पाहा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲप बंद करतात आणि पत्रे उशिरा येतात. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये मेलच्या ॲपवरचा निर्बंध काढा.

दुसरे, कप्पे. जीमेल पत्रांची वाटणी करते. मुख्य कप्पा वेगळा, जाहिरातींचा म्हणजे प्रमोशन्सचा वेगळा, सोशल वेगळा. कॉलेजचे किंवा शिष्यवृत्तीचे पत्र कधी कधी जाहिरातींत जाऊन पडते, कधी स्पॅममध्ये. मुलांचे प्रवेश चालू असतील तेव्हा तिन्ही ठिकाणी रोज एकदा नजर टाका. कप्पे नको असतील तर सेटिंगमधून काढता येतात.

तिसरे, जागा. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते. लग्नाचे व्हिडिओ आपोआप चढत राहिले आणि जागा भरली, की नवी पत्रे येईनाशी होतात, पाठवणाऱ्याकडे परत जातात. दोष ॲपचा नसतो, पण आपण ॲपला बोल लावतो.

चौथे, वापर. गूगलचे खाते दोन वर्षे उघडलेच नाही, तर ते बंद करून आतले सगळे पुसण्याचा नियम २०२३ पासून लागू झाला आहे. अम्मीचे किंवा अब्बांचे खाते असेल तर ते अधूनमधून उघडा.

पाचवे, भाषा. मराठी आणि उर्दू दोन्ही आता मेलमध्ये नीट लिहिता-वाचता येतात. अडचण येते ती जोडलेल्या फाईलची. मदरशातून किंवा उर्दू शाळेतून इनपेजची फाईल आली, तर फोनवरचे कोणतेच मेल ॲप ती उघडून दाखवणार नाही. पाठवणाऱ्याला पीडीएफ करून पाठवायला सांगा. तसेच २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जीमेलला थेट जोडता येत नाही, तिची लिंक पाठवावी लागते.

फोन एक, माणसे चार

आपल्या घरांत फोन या हातातून त्या हातात जातो. त्यात वावगे काही नाही, पण मेल ही अमानत आहे. दुसऱ्याचे पत्र उघडू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून असते. ती मेललाही लागू आहे. शक्य असेल तर प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. एकाच ॲपमध्ये वेगवेगळी खाती राहू शकतात. मुलीचा फॉर्म मामूंच्या पत्त्यावर भरला आणि मामू त्या दिवशी प्रवासात असले, तर प्रवेशाची तारीख त्यांची वाट पाहणार नाही. सायबर कॅफेवाल्याने आपल्याच नंबरावर काढून दिलेले खाते तर मुळीच नको. पासवर्ड विसरलात की चावी त्याच्या हातात.

मेलचे ॲप नेहमी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. "सगळे मेल एकत्र, मोफत" असे सांगणाऱ्या अनोळखी ॲपला पासवर्ड देऊ नका. मेलची चावी गेली तर बँकेपासून सगळ्याच्या चाव्या जातात, कारण पासवर्ड बदलण्याची लिंक मेलवरच येते. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. आणि जुना फोन विकण्याआधी त्यातले खाते काढून, फोन पूर्ण पुसून द्या. फोनातून खाते काढले म्हणून सर्व्हरवरची पत्रे जात नाहीत.

आता दुल्हेभाईंच्या दाखल्याचे सांगते. आपा हातावर हात धरून बसली होती. मला आठवले की २०१९ मध्ये तो दाखला छापण्यासाठी तिने मला पाठवला होता, कारण तिच्याकडे प्रिंटर नव्हता. मी माझ्या मेलमध्ये तिचे नाव टाकून शोधले. अकरा पत्रे निघाली. त्यात दाखला होता, स्वच्छ आणि शिक्क्यासह. मी तो वाचून लगेच विसरले होते, पण सर्व्हरवर तो जसाच्या तसा होता. दुल्हेभाई त्याच महिन्यात मुंबईला मुलाखतीला गेले.

त्या अकरामध्ये २०१२ चे एक पत्र होते. मुलांचे ईदचे फोटो मला पाठवताना आपाने दुल्हेभाईंचे पत्र तसेच पुढे ढकलले होते, खालचा मजकूर काढायचे तिच्या लक्षात आले नव्हते. खाली तीन ओळी होत्या. फोटोत तुझ्या हातची सांदणं दिसली, इथे बाजारात मिळतात पण ती गोडी नाही, पुढची ईद इन्शाअल्लाह घरी, अशा अर्थाच्या. मी ते पत्र आपाला दाखवले. तिने फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाकीची गेली ना?" मी म्हणाले, "हो आपा, गेली."

आता आपाच्या फोनवर आणि दुल्हेभाईंच्या फोनवर एकेकच ॲप आहे, आयमॅपवर. उरलेली अकरा पत्रे मी दोघांच्या खात्यांत पाठवली आहेत आणि एक प्रत लॅपटॉपवर आहे.

या महिन्यात एका संध्याकाळी तासभर काढा. घरातले सगळे फोन समोर ठेवा. कुणाचे खाते कुठले, ॲप कुठले, पत्रे सर्व्हरवर राहतात की यंत्रात उतरून पुसली जातात, हे एका वहीत लिहा. पासवर्ड मात्र त्या वहीत नको. अडले तर नेहमीप्रमाणे मासिकाच्या पत्त्यावर लिहा, पुढच्या अंकात उत्तर देईन.

खुदा हाफिज.